दुरून देखरेख, घरात व्यायाम: हृदय-पुनर्वसनाचे बारा आठवडे

ॲन्जिओप्लास्टी किंवा बायपास होऊन माणूस घरी आला की पहिल्याच आठवड्यात त्याला दोन प्रकारचे सल्लागार भेटतात. एक म्हणतात, "आता जिना नको, काही उचलू नकोस, नुसता पडून राहा." दुसरे म्हणतात, "आमच्या ओळखीतला एक जण महिन्याभरात पळायला लागला, तुला काय धाड भरलीय?" बोलतात दोघंही आपुलकीनंच, पण कुणाचंही ऐकलं तरी नुकसान ठरलेलं. या दोन टोकांच्या मधल्या वाटेला हृदय-पुनर्वसन म्हणतात. ठरावीक आठवडे चालणारा, मोजूनमापून वाढवत नेलेला व्यायाम, जोडीला गोळ्यांची शिस्त, तंबाखू-रक्तदाब-साखर-कोलेस्टेरॉलचा बंदोबस्त आणि मनात बसलेल्या धास्तीवर काम, असं सगळं त्यात येतं.

पडून राहण्याचा सल्ला कुठून आला तेही सांगून टाकतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हार्ट ॲटॅकच्या रुग्णाला कित्येक आठवडे अंथरुणातच ठेवायची रीत होती. सॅम्युएल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाउन या डॉक्टरांनी अशा रुग्णांना लवकर उठवून आरामखुर्चीत बसवलं आणि १९५२ मध्ये तो अनुभव प्रसिद्ध केला. पुढे वैद्यक खुर्चीवरून चालण्यापर्यंत आणि चालण्यावरून व्यायामापर्यंत आलं. घरोघरचे सल्ले मात्र अजून अंथरुणातच आहेत.

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझी बरीचशी सत्रं फोनवर किंवा व्हिडिओवर होतात. पुनर्वसन केंद्र लांब असतं, नोकरी असते, सोबत यायला कुणी नसतं, म्हणून लोक हा मार्ग धरतात. तो दुय्यम दर्जाचा नाही. स्थिर प्रकृतीच्या आणि कमी ते मध्यम धोका असलेल्या रुग्णांत घरून केलेल्या पुनर्वसनाचा गुण केंद्रातल्यासारखाच येतो, असं तुलनात्मक अभ्यासांत दिसलं आहे. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या तीन प्रमुख हृदयसंस्थांनीही निवडक रुग्णांसाठी हा पर्याय वाजवी मानला. दुसरी बाजूही लपवत नाही. पोलंडमध्ये हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदयाची रक्त ढकलायची ताकद कमी पडलेल्या, ८५० रुग्णांवर झालेल्या चाचणीत नऊ आठवड्यांच्या दूरस्थ कार्यक्रमानं ताकद वाढली आणि जगणं सुधारलं, पण पुढच्या काळातले मृत्यू किंवा इस्पितळातले दिवस काही कमी झाले नाहीत. त्यामुळे चमत्काराची अपेक्षा ठेवू नका.

केंद्रात आणि घरात खरा फरक आहे तो नजरेचा. केंद्रात तुमचा चेहरा उतरला किंवा वाक्य मध्येच तुटलं, तर तुमच्याआधी ते नर्सला दिसतं. घरी ती नजर तुम्हालाच कमवावी लागते आणि जे दिसलं ते सांगावंही लागतं. लोक घड्याळं आणि ॲप यांच्याबद्दल विचारतात. माझा जीव मात्र रुग्णानं रोजच्या नोंदी ठेवलेल्या वहीत अडकलेला असतो.

आधी ठरवा: घरी करायचं का

हा निर्णय हृदयरोगतज्ज्ञांचा आहे, तुमचा किंवा माझा नाही. बसल्या बसल्या किंवा थोड्याशा हालचालीनं छातीत दुखणं वाढत चाललं असेल, हार्ट फेल्युअर आटोक्यात नसेल, ठोक्यांची गडबड काबूत आलेली नसेल, महाधमनीची झडप फार अरुंद होऊन त्रास देत असेल किंवा हृदयाच्या स्नायूला वा आवरणाला ताजी सूज असेल, तर आधी उपचार आणि मग व्यायाम. हृदयाचं पंपिंग, म्हणजे रक्त ढकलायची ताकद, बरंच कमी असलेल्यांनी, ज्यांचा हृदयठोका एकदा बंद पडून परत आणलेला आहे त्यांनी आणि ज्यांना व्यायाम करताना घेरी येते त्यांनी निदान पहिली काही सत्रं केंद्रात, ईसीजी लावून करावीत. नंतर घरी यावं. निम्मं केंद्रात आणि निम्मं घरी हा मिश्र प्रकार मला सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो.

होकार मिळाला की डॉक्टरांकडून चार गोष्टी लेखी घ्या. नेमकं काय झालं आणि काय केलं, इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) पंपिंग किती, स्ट्रेस टेस्ट (श्रम करायला लावून घेतलेली ईसीजी चाचणी) झाली असेल तर कुठल्या नाडीला काय दिसलं, आणि सध्याच्या गोळ्यांची यादी. "रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत" या वाक्याच्या भरवशावर व्यायामाचा आराखडा करता येत नाही.

खोली, सामान आणि फोन

सामान फार लागत नाही. दंडाला बांधायचं रक्तदाब यंत्र (मनगटाचं नको), वजनकाटा, पाठ असलेली आणि न सरकणारी खुर्ची, घड्याळ, वही. ऑक्सिमीटर डॉक्टरांनी सांगितला तरच घ्या.

रक्तदाब मोजायची रीत बहुतेकांची चुकते. आधीचा अर्धा तास चहा-कॉफी, तंबाखू आणि व्यायाम बंद. पाच मिनिटं गप्प बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर आणि एकमेकांवर न चढवलेले, हात टेबलावर हृदयाच्या पातळीला. एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. चांगला वाटला तेवढाच लिहायचा, असं करू नका.

कॅमेऱ्याबद्दल माझी एक चूक सांगतो. सुरुवातीच्या दिवसांत मी रुग्णाचा चेहरा आणि खांदे दिसले की समाधान मानायचो. एका बाईंची तीन सत्रं मी अशीच घेतली, आणि त्यांचे घोटे सुजलेत हे मला चौथ्या सत्रात कळलं, तेही त्या पाणी प्यायला उठल्या म्हणून. तेव्हापासून फोन कंबरेच्या उंचीवर आणि बाजूनं ठेवायला सांगतो, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत सगळं दिसतं. उजेड समोरून हवा. मागे खिडकी असली की माणसाची नुसती सावली उरते आणि ओठांचा रंग कळत नाही.

पहिलं सत्र व्यायामाचं ठेवूच नका, तयारीचं ठेवा. त्यात टीमकडे, म्हणजे तुमचं पुनर्वसन बघणाऱ्या डॉक्टर-नर्स-फिजिओंकडे, पूर्ण पत्ता, मजला, दार कोण उघडेल आणि घरातल्या दुसऱ्या व्यक्तीचा क्रमांक द्या. फोन मध्येच तुटला तर कोण कुणाला करणार आणि किती मिनिटांनी दुसऱ्या क्रमांकावर फोन जाणार, तेही ठरवून ठेवा. रुग्णवाहिकेचा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा. घरातल्या एकानं तरी छाती दाबण्याचं प्रशिक्षण घेतलेलं असावं: छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० वेळा, निदान ५ सेंटिमीटर खोल. पहिले दोन आठवडे व्यायामाच्या वेळी घरात दुसरं माणूस हवंच.

सुरुवातीची मोजणी

आज किती जमतं हे माहीत नसेल तर बारा आठवड्यांनी काय बदललं ते कळणार कसं? सहा मिनिटांत किती अंतर चालता येतं ही नेहमीची चाचणी. ती नीट करायला ३० मीटरचा सरळ पट्टा लागतो. तेवढी जागा नसेल तर खुर्चीची चाचणी करता येते. हात छातीवर घडी घालून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून बसता येतं ते मोजायचं. यातलं काहीही टीम बघत असतानाच करा. जागा, चपला आणि दिवसाची वेळ यांची नोंद ठेवा, म्हणजे शेवटची चाचणीही तशीच घेता येईल.

किती जोरात? इथे घाई नको

सगळ्यात जास्त प्रश्न इथेच येतात आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात.

"२२० वजा वय" हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं. हृदयविकाराच्या बहुतेक रुग्णांना ते लागू पडत नाही, कारण ते बीटा ब्लॉकर घेत असतात. ही गोळी नाडीला वर चढूच देत नाही. साठीचा माणूस सूत्राप्रमाणे १६० चं टोक धरून बसला आणि ते गाठायला झगडू लागला, तर कुठेतरी भलतंच होऊन बसेल.

स्ट्रेस टेस्ट गोळ्या चालू असताना झाली असेल तर हिशेब सरळ आहे. समजा, बसल्या जागी नाडी ६८ आणि चाचणीत त्रास न होता ती १२८ पर्यंत गेली. मधली शिल्लक ६०. तिचे ४० टक्के म्हणजे २४ आणि ६० टक्के म्हणजे ३६. ते ६८ मध्ये मिळवले की ९२ ते १०४ हा सुरुवातीचा पट्टा निघतो. चाचणीत छातीत दुखलं असेल किंवा ईसीजी बदलला असेल, तर त्या नाडीच्या किमान १० ठोके खालीच राहायचं. चाचणीच झालेली नसेल, तर ॲटॅकनंतर बसल्या जागच्या नाडीपेक्षा साधारण २० आणि शस्त्रक्रियेनंतर ३० ठोके वर, अशी कामचलाऊ मर्यादा धरतात. तीही टीमला विचारूनच.

आकड्यांइतकाच भरवसा अंगाच्या साक्षीवर ठेवा. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी श्रमाची एक पट्टी बनवली, ६ ते २० अशी. सुरुवात ६ पासून का, असं प्रत्येक जण विचारतो. निरोगी तरुणाच्या नाडीला दहानं भागलं की साधारण तो आकडा येतो, म्हणून: ६ म्हणजे निवांत बसलेला, २० म्हणजे आता प्राण जातो की काय. आपल्याला ११ ते १३ च्या दरम्यान राहायचंय, 'हलकं' ते 'थोडं कष्टाचं'. एवढंही नको असेल तर बोलून बघा. चालता चालता दोन-तीन वाक्यं सलग बोलता आली तर ठीक. शब्दाशब्दाला श्वास घ्यावा लागला तर जोर जास्त झाला. गाणं म्हणता आलं तर थोडा वेग वाढवायला हरकत नाही.

मनगटावरच्या घड्याळाबद्दल इतकंच सांगतो, की ते कल पाहायला चांगलं आणि निकाल द्यायला कच्चं. सैल पट्टा, थंड हात, हाताची हालचाल यांनी ते फसतं. नाडी अनियमित असेल, विशेषतः ॲट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे ठोके बेताल पडण्याचा विकार) असेल, तर त्याचा आकडा सोडून द्या आणि श्रमपट्टीवर चाला. छातीच्या पट्ट्याचा मापक जास्त अचूक असतो. दोन बोटं मनगटावर ठेवून ३० सेकंद मोजून दुप्पट करणं अजूनही जुनं झालेलं नाही. ठोके मागेपुढे पडत असतील तर पूर्ण मिनिट मोजा.

एक सत्र

जेवणानंतर निदान दीड-दोन तास जाऊ द्या. सकाळच्या गोळ्या घेतलेल्या असाव्यात. रक्तदाब आणि नाडी मोजून लिहा. वरचा आकडा १८० च्या वर किंवा खालचा ११० च्या वर असेल, बसल्या जागी नाडी १०० च्या वर असेल, ताप असेल किंवा कालपेक्षा धाप जास्त असेल, तर आज व्यायाम नाही, आज टीमला फोन.

पहिली दहा मिनिटं अंग तापवायची: जागच्या जागी सावकाश पावलं, खांदे आणि घोटे फिरवणं. मग मुख्य भाग, म्हणजे चालणं, स्थिर सायकल किंवा एका पायरीवर चढ-उतार. पहिल्या आठवड्यात हा भाग पाच-पाच मिनिटांच्या दोन तुकड्यांचा असला तरी पुरे. शेवटची दहा मिनिटं वेग उतरवत आणायचा. हे उतरवणं लोक चुकवतात, आणि घरी चक्कर येते ती बहुतेक इथेच. चालताना पायांचे स्नायू रक्त वर ढकलत असतात. माणूस एकदम थांबला की रक्त पायांत साचतं आणि रक्तदाब पडतो. त्यावर लगेच गरम पाण्यानं आंघोळ केली तर आणखी वाईट. दहा मिनिटांनी पुन्हा नाडी मोजा. ती सुरुवातीच्या जवळपास आलेली हवी.

आठवड्यातून तीन दिवसांपासून सुरुवात करून पाचवर न्या. आधी वेळ वाढवा आणि मग जोर, दोन्ही एकदम नाही. सत्राचा मुख्य भाग चौथ्या आठवड्याला २० मिनिटं, आठव्याला ३० आणि बाराव्याला ४० पर्यंत गेला तर उत्तम. गेला नाही तर कुणी नापास करत नाही. दुसऱ्या दिवशी अंग मोडून पडलं तर मागच्या पायरीवर परत या. आजारपणानं आठवडाभर खंड पडला तरी तसंच.

स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम उशिरा, टीमनं परवानगी दिल्यावर: ॲटॅकनंतर साधारण पाच आठवड्यांनी, छाती उघडून शस्त्रक्रिया झाली असेल तर निदान आठ आठवड्यांनी. हलकं वजन, १० ते १५ वेळा, आठवड्यातून दोन-तीन दिवस. उचलताना श्वास सोडा. श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब उसळतो.

वही

एक नमुना देतो. "मंगळवार. वजन ७१.२. आधी १२४/७८, नाडी ६६. चालणं १५ मिनिटं, मधे नाडी ९४, श्रम १२. दहा मिनिटांनी नाडी ७२. दहाव्या मिनिटाला डाव्या पोटरीत कळ, थांबल्यावर गेली."

पोटरीच्या या ओळीसाठीच मी वही मागतो. चालताना पोटरी दुखणं आणि थांबल्यावर जाणं हे पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचं लक्षण असू शकतं. ज्यांच्या हृदयाच्या वाहिन्या अरुंद असतात, त्यांच्या पायाच्याही असण्याची शक्यता बरीच. फोनवर "कसं आहे?" विचारलं की हाच माणूस "झकास" म्हणाला असता.

हार्ट फेल्युअर असेल तर रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, तशाच कपड्यांत वजन करा. एका दिवसात किलो-दीड किलो किंवा आठवड्यात दोन किलोच्या वर वाढलं तर ते बहुधा पाणी साठतंय. पुढच्या सत्राची वाट बघू नका, त्याच दिवशी कळवा. रात्री उशी वाढवावी लागणं, चपला घट्ट होणं हेही वहीत आलं पाहिजे.

थांबा, आणि बोलवा

छातीत दाब, जळजळ किंवा दुखणं, ते जबडा, हात किंवा पाठीत उतरणं, नेहमीपेक्षा जास्त धाप, घेरी, थंड घाम, एकाएकी धडधड, यातलं काहीही झालं की लगेच थांबून बसा. बायकांत आणि मधुमेहींत छातीत न दुखता नुसती मळमळ, धाप किंवा विचित्र थकवाही येतो. जिभेखालची गोळी लिहून दिली असेल तर बसूनच घ्या, ती रक्तदाब खाली आणते. एका गोळीनंतर पाच मिनिटांत आराम पडला नाही किंवा त्रास वाढला तर रुग्णवाहिका बोलवा. गोळी दिलेलीच नसेल तर तीही वाट नको. स्वतः गाडी चालवत जाऊ नका, आणि आधी मला व्हिडिओ कॉलही करू नका. लिंगताठरतेसाठीची सिल्डेनाफिल २४ तासांत किंवा टाडालाफिल ४८ तासांत घेतलेली असेल तर जिभेखालची गोळी घ्यायची नाही. हे रुग्णवाहिकेतून येणाऱ्यांना न लाजता सांगा.

ज्यांचं थोडं वेगळं आहे

बायपास किंवा झडपेच्या शस्त्रक्रियेत कापलेलं छातीचं हाड सांधायला साधारण ८ ते १२ आठवडे लागतात. तोवर चार-पाच किलोच्या वर काही उचलणं, ढकलणं, ओढणं नको. उचलायचंच झालं तर दोन्ही कोपरं अंगालगत ठेवा. खोकताना छातीशी उशी धरा. हाडातून 'टक' असा आवाज किंवा सरकल्याची जाणीव झाली, जखमेतून स्राव आला, तर सर्जनना कळवा. पेसमेकर नवा बसवला असेल तर त्या बाजूचा हात चार ते सहा आठवडे खांद्याच्या वर नको. झटका देणारं यंत्र असेल तर ते कुठल्या नाडीला सज्ज होतं हे विचारून घ्या आणि त्याच्या किमान १० ठोके खाली राहा.

इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी आधी साखर मोजावी. १०० च्या खाली असेल तर काहीतरी खाऊनच सुरुवात करा. २५० च्या वर असून लघवीत कीटोन असतील किंवा बरं वाटत नसेल तर त्या दिवशी व्यायाम नको. बीटा ब्लॉकरमुळे साखर पडल्याची धडधड जाणवत नाही, घाम मात्र येतो.

व्यायामाच्या पलीकडचे फोन

दर आठवड्याच्या फोनमधला काही वेळ गोळ्यांसाठी ठेवा. स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) बसवल्यावर दिलेल्या रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या दात काढायच्या म्हणून किंवा खरचटल्यावर रक्त थांबायला वेळ लागतो म्हणून परस्पर बंद केल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. कुणीही बंद करायला सांगितलं तरी आधी हृदयरोगतज्ज्ञांशी बोला. स्टॅटिननं, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या गोळीनं, अंग दुखतंय वाटलं तर कळवा. दुसरी गोळी किंवा दुसरी मात्रा असते.

हार्ट ॲटॅकनंतर साधारण पाचातल्या एकाला नैराश्य येतं. घरात ते 'चिडचिड वाढलीय' किंवा 'झोपूनच असतात' अशा नावांनी ओळखलं जातं. नऊ प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली फोनवरही भरता येते. टीमनं काढली नाही तर तुम्ही मागा. व्यायाम चुकवण्यामागे आळस असतो असं मला पूर्वी वाटायचं. आता पहिला संशय भीतीवर आणि दुसरा उदासीवर जातो.

शरीरसंबंधांबद्दल फारसं कुणी विचारत नाही, म्हणून न विचारता सांगतो. दोन मजले नेहमीच्या वेगानं चढून छातीत दुखत नसेल आणि धाप लागत नसेल, तर बहुतेकांना हरकत नसते.

बारावा आठवडा

पहिल्या दिवसाची चाचणी त्याच जागी, त्याच चपलांत पुन्हा करा. सहा मिनिटांच्या चालण्यात २५-३० मीटरची वाढ झाली तरी ती खरी सुधारणा मानतात. चाचणीत काहीच हललं नसेल तर टीमनं कारण शोधायला हवं. कधी हिमोग्लोबिन कमी निघतं, कधी गोळीची मात्रा जास्त, कधी गुडघा.

शेवटच्या फोनवर तीन गोष्टी लिहून घ्या: आता तुमचा नाडीचा पट्टा कोणता, कोलेस्टेरॉल आणि रक्तदाबाची पुढची तपासणी कधी, आणि अडलं तर फोन कुणाला. गोळी बदलली, विशेषतः बीटा ब्लॉकर सुरू, बंद किंवा कमी-जास्त झाला, तर जुना पट्टा रद्द समजा. नवा स्टेंट बसवावा लागला किंवा पुन्हा भरती व्हावं लागलं तर सगळं पहिल्यापासून: लेखी परवानगी, तयारीचं सत्र, पाच-पाच मिनिटांचे दोन तुकडे. जुनी वही मात्र हाताशी ठेवा. नव्या टीमला सगळ्यात आधी तीच दाखवायची आहे.